उत्तमरावांचे चार मिलिमीटर

चिंचधरीत घड्याळं घरोघर होती, पण सकाळचे आठ फक्त उत्तमरावांच्या अंगणात वाजायचे. आठला दोन मिनिटं कमी असताना ते धुतलेलं धोतर, पांढरी बंडी आणि डोक्यावर टोपी अशा थाटात पायरी उतरायचे. पाऊस मोजायला टोपी कशाला लागते, असं त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, एकदा विचारलं होतं. "सरकारी काम हाये," उत्तमराव म्हणाले. सरकारनं ते काम त्यांच्याकडून काढून घेतल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण टोपीला कुणी तसं कळवलं नव्हतं.

अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या ओट्यावर हिरव्या रंगाचा एक डबा होता. तोंडाला नरसाळं, पोटात बाटली. चोवीस तासांत पडलेला पाऊस नरसाळ्यातून बाटलीत उतरायचा. उत्तमराव बाटली काढायचे, पाणी काचेच्या उभ्या मापात ओतायचे, माप डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायचे आणि श्वास रोखायचे.

"सुईत दोरा ओवताना मीबी एवढं तोंड वाकडं करत न्हाई," मंजुळाबाई चुलीपासून म्हणायच्या.

मग आकडा जाहीर व्हायचा. ऐकायला अंगणात एक कोंबडी आणि शेजारची म्हैस एवढीच सभा असली तरी मोठ्यानंच जाहीर व्हायचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत वरच्या बाजूला लिहिला जायचा. चौकटीची खालची बाजू मंजुळाबाईंची. तिथं गॅसची टाकी कधी लावली, गाय कधी फळली असल्या हलक्यासलक्या नोंदी असत.

हा डबा एकतीस वर्षांपूर्वी एका साहेबांनी 'तात्पुरता' म्हणून त्यांच्याकडे ठेवला होता, कारण कार्यालयाला मोकळं अंगण नव्हतं. साहेब बदलून गेले, मग रिटायर झाले, डबा राहिला. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानात खांबावर आपोआप पाऊस मोजणारं यंत्र आलं आणि 'तुमच्या आकड्याची आता गरज नाही' असा निरोप आला. उत्तमराव तीन दिवस नीट जेवले नाहीत. चौथ्या दिवशी आठला दोन कमी असताना टोपी घालून अंगणात हजर. पुढं एकदा त्या यंत्राच्या तोंडात कावळ्यानं काड्या भरल्या आणि अख्खं गाव भिजत असताना ते शून्य सांगत बसलं. त्या दिवशी उत्तमरावांनी ती बातमी घरोघर पोचवली, आणि कावळ्याला तूप-भात घातला. गावानं त्यांचं नाव मिलिमीटर आबा ठेवलं ते तेव्हापासून.

गाव हसायचं, पण गावाला त्यांच्यावाचून चालायचं नाही. कारण नदी.

चिंचधरीच्या मागून कयाधू जाते. उन्हाळ्यात ही नदी आहे असं पाहुण्याला मुद्दाम सांगावं लागतं, आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी सांगायलाही वेळ मिळत नाही. पात्राच्या मधोमध दीड-दोन एकरांचं बेट आहे. पोळ्यानंतर त्यावर गुडघाभर गवत माजतं आणि ते गावातल्या शेळ्यांना दुरून दिसतं. जायला घोटाभर पाणी, यायला घोटाभर पाणी. मात्र नदी आली की बेट सगळ्यात आधी बुडतं. म्हणून शेळ्या बेटावर न्यायच्या की काठावरच चारायच्या, हे ज्याला त्याला सकाळी आठनंतर उत्तमरावांना विचारून ठरवावं लागे. एकतीस वर्षांत त्यांच्या शब्दावर बेटावर गेलेलं एक करडूसुद्धा वाहून गेलं नव्हतं. हा त्यांचा अभिमान, आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला असं त्यांच्या शत्रूंनीही म्हटलं नसतं.

विचारायला रोज सगळ्यांच्या आधी यायची ती बेबीबाई. गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथल्या नेमसिंगची बायको. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात काठी, मागं सतरा शेळ्या आणि तोंडात सतराशे शब्द. चाळीस वर्षांपूर्वी उत्तमरावांच्या विहिरीवर काम करताना तिनं, तुला बहीण न्हाई तर मी हाये, असं म्हणून त्यांच्या हाताला ओढणीचा काठ फाडून बांधला होता. तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला ती यायची. नेमसिंग त्यामुळं दाजी झाला आणि उत्तमराव त्याचे मेव्हणे. तिनं आपल्या कळपातल्या बोकडाचं नावही मिलिमीटर ठेवलं होतं.

"माज्या नावानं बोकड?" उत्तमरावांनी रागानं विचारलं होतं.

"मग काय करू भाऊ? अंगणात कान ताठ करून उभा ऱ्हातो, आन् कुनाचंबी आयकत न्हाई."

आता नदीचं गणित. ते उत्तमरावांना चांगलं ठाऊक होतं. आपल्या अंगणात पडतो तो पाऊस आपल्या वावरासाठी. नदी येते ती वरच्या पावसानं. यावर ते गावच्या हॉटेलात, चहा दुसऱ्याचा असला तर फार सविस्तर बोलायचे.

"कमी दाब म्हंजे काय? लग्नाची पंगत बसली हाये समज. एका कोपऱ्यातल्या पत्रावळी रिकाम्या झाल्या. मग? चारी बाजूनं वाढपी धावत्यात. तसं तिकडं बंगालच्या उपसागरावर हवा तापली, हलकी झाली, वर गेली. खाली जागा रिकामी. मग चहूकडचं वारं ओल घेऊन तिथं धावतं. एकमेकाला धडकलं की जायाला जागा कुठं? वर! वर थंडी. आन् सांडलं वरण!"

"कुनाच्या अंगावर, आबा?"

"जो तिथं बसला आसल त्याच्या. बरं, एखादा कमी दाब शहाना आसतो. ओरिसावरनं इदर्भात येतो, सांडतो, गुजरातकडं निघून जातो. पन एखादा आसतो रुसक्या जावयावानी. मांडवात बसला की उठतच न्हाई. वरचं वारं त्याला ढकलत न्हाई, आन् हिकडून अरबी समुद्र ताटावर ताट आनून देतो. आसा जावई ज्या शिवारात बसला, त्या शिवाराचं काय खरं न्हाई. दहा कोसावर कोरडं आन् तिथं परलय."

म्हणजे वरच्या शिवारात जावई बसलाय की नाही, हे कळायला वर एक माणूस हवा. तो माणूस होता अमृतराव. नदी वाशिम जिल्ह्यात रिसोडकडून उतरते, तिथल्या वाकदरी गावचा. तोही पाऊस मोजायचा. ओळख औंढ्याची. महाशिवरात्रीच्या जत्रेत चपला ठेवायच्या रांगेत उत्तमराव कुणाला तरी मिलिमीटर म्हणजे काय ते समजावून सांगत होते आणि मागून आवाज आला, "चूक सांगून राहिले तुमी." मागं वळून पाहिलं तर तसलाच एक टोपीवाला. दर्शन होईपर्यंत दोघं भांडले, आणि प्रसाद एका द्रोणात खाल्ला.

त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं पावसाळ्यात रोज आठ वाजून दहा मिनिटांनी अमृतरावांचा फोन यायचा. आधी दुकानातल्या फोनवर, मग खिशातल्या. हॅलो नाही, रामराम नाही.

"बेचाळीस."

"सात."

"आज नाई येत मंग."

"न्हाई येत."

वाकदरीला सत्तरच्या वर पडला की कयाधू साडेतीन तासांत चिंचधरीला येते, हा हिशेब दोघांनी मिळून बसवला होता आणि तो एकदाही चुकला नव्हता. एकतीस वर्षांच्या त्या अभिमानात अमृतरावांचा वाटा किती, हे उत्तमराव कुणाला सांगत नसत. त्यांना स्वतःलाही ते हळूहळू आठवेनासं झालं होतं.

त्या श्रावणात उत्तमरावांच्या नातीचा, पुनमचा, साखरपुडा झाला. अमृतराव आले. बावीस वर्षांत तो सुप्रसिद्ध डबा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. पाहिला, मग मान वर करून डब्यावर आलेली कडुलिंबाची फांदी पाहिली, आणि भर मांडवात, नव्या व्याह्यांसमोर, पोट धरून हसले.

"उत्तमराव, काय बावा हे! तू पाऊस नाई मोजून राहिला. झाडाचं उरलंसुरलं मोजून राहिला तू!"

मांडव हसला. व्याही हसले. कडुलिंब मंजुळाबाईंनी अठरा वर्षांपूर्वी लावला होता आणि तो आपल्या वयाप्रमाणं वाढला होता, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. डब्याच्या आसपास झाड असू नये, हा नियम उत्तमराव स्वतः शाळेतल्या पोरांना दरवर्षी शिकवत. पण रोज सकाळी ते पाहत ते मापाकडे, वर बघायचं राहून गेलं. अमृतराव म्हणाले ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. उत्तमरावांनी त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली आणि तूप वाढलं नाही. गावानं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आठ दहाला फोन आला. उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आला. उचलला नाही. मग अमृतरावही काही कमी टोपीचे नव्हते. फोन बंद झाला.

"अहो, तुमचं भांडन तुमच्यापाशी. नदीचं काय?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"नदीचं मी बघतो. आभाळ कळत न्हाई व्हय मला?"

आणि खरंच, पुढचे सव्वीस दिवस त्यांनी नुसत्या आपल्या बाटलीकडे आणि आभाळाकडे बघून सांगितलं, आणि नदी एकदाही आली नाही. खरं तर त्या सव्वीस दिवसांत वर पाऊसच नव्हता. पण उत्तमरावांना वाटलं, आपल्याला जमलं.

गुरुवार होता. मूग निघून गेले होते, सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या. पहाटे नुसती भुरभुर झाली आणि उजाडताना आभाळ धुतल्यासारखं निळं. मोबाइलवर 'सतर्क राहा'चा मेसेज होता, पण तो गेले आठ दिवस रोजच येत होता आणि आठही दिवस ऊन पडलं होतं.

उत्तमरावांनी माप डोळ्यासमोर धरलं. फाटकाशी बेबीबाई उभी होती, मागं शेळ्या.

"भाऊ, तुजी बाटली काय म्हनती?"

"चार मिलिमीटर."

"माज्या भाषेत सांग."

"तुज्या शेळीची जीभबी वली व्हनार न्हाई."

"मग बेटावर नेऊ? काठावर आता खायला काय ऱ्हायलं न्हाई. तुज्या नावाचा ह्यो बोकड तर सकाळपासून रुसलाय, पाला तोंडात घेत न्हाई."

तेवढ्यात ओसरीत फोन वाजला. मंजुळाबाईंनी आतून बघितलं. "अहो! वाकदरीचा फोन हाये!"

उत्तमरावांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला आनंदच म्हणायला हवं. त्यांनी टोपी सारखी केली.

"वाजू दे."

"काहून?" बेबीबाई म्हणाली. "घे ना भाऊ."

"सव्वीस दिसानं अक्कल आली त्याला. माफी मागायला फोन करून राहिला. एका फोनात माफ करू व्हय? पुन्यांदा वाजू दे."

फोन थांबला. पुन्हा वाजला. उत्तमराव बाटली फडक्यानं पुसत राहिले. ती तशीही स्वच्छ होती. फोन थांबला आणि तिसऱ्यांदा वाजला.

"घ्या की आता," मंजुळाबाई ओसरीच्या पायरीवर फोन हातात धरून उभ्या राहिल्या.

"चौथ्यांदा वाजला की घेतो."

बेबीबाई कमरेवर हात ठेवून हसली. अशी हसली की शेळ्या दचकल्या. "वयनी, ह्यो माजा भाऊ आन् माजा बोकड, दोघं एका खुंट्याचे! भाऊ, रुसून झालं की सांग, मी साखर घेऊन येते. आता बोल, नेऊ का बेटावर?"

उत्तमरावांनी वर पाहिलं. निळं आभाळ. तिसरा फोन वाजून थांबला होता, मन प्रसन्न होतं.

"ने. बिनघोर ने. आज नदी येत न्हाई."

ती गेली. चौथ्यांदा फोन वाजला नाही.

तिकडं काय झालं होतं ते उत्तमरावांच्याच पंगतीत सांगायचं, तर जावई येऊन बसला होता. बंगालच्या उपसागरात उठलेला कमी दाबाचा पट्टा छत्तीसगडवरून विदर्भात उतरला होता आणि पुढं सरकायला तयार नव्हता. अरबी समुद्राकडून ओलं वारं त्याला मिळत होतं. आधीच्या आठ दिवसांच्या उन्हानं हवा तापलेली, आणि तापलेल्या हवेच्या पोटात पाणी जास्त मावतं. पहाटे तीनला रिसोडच्या पठारावर ढगावर ढग चढले आणि सातपर्यंत एकाच जागी उभं राहून रिते झाले. पंधरा कोस खाली चिंचधरीत त्याच ढगाची फक्त झालर हलली, चार मिलिमीटरची. वाकदरीच्या डब्यात एकशे शहात्तर होते. अमृतरावांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ते मोजले, रुसवा गुंडाळून ठेवला आणि फोन लावला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा लावायला गेले तेव्हा तिथला टॉवर बंद पडला होता.

साडेअकराला उत्तमराव हॉटेलात होते. सव्वीस दिवस आपण एकट्यानं आभाळ कसं वाचलं, ते सांगत होते. बाहेर लख्ख ऊन. आधी आवाज आला, माळावरून रिकामे ट्रक उतरावेत तसा. उत्तमरावांचं बोलणं अर्ध्यात तुटलं. हा आवाज कशाचा, हे त्या हॉटेलात त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

ते धावले. अडुसष्ट वर्षांचा माणूस धोतर हातात धरून धावला.

काठावर नेमसिंगचा पुतण्या सुदाम उभा होता, "काकी! काकी!" करून ओरडत होता. पाणी लालभडक, वर काड्या-कुड्याचा फेस, मुळासकट आलेली बाभळ. बेटाच्या अलीकडं छातीभर ओढ लागली होती. सोळा शेळ्या काठावर थरथरत होत्या. बेबीबाईनं आवाज ऐकताच त्यांना काठीनं पाण्यात लोटून पार केलं होतं, सुदामनं बघितलं होतं. ती स्वतःही निघाली असती. पण सतरावा मिलिमीटर. तो पाय रोवून उभा होता. ती त्याचे कान धरून ओढत होती.

"सोड त्याला!" उत्तमराव ओरडले. "बाई! सोड त्याला! सोड!"

तिनं वर पाहिलं. दोनशे पावलांवरून डोळे दिसत नाहीत. पांढऱ्या बांगड्यांचा हात वर झालेला दिसला, एवढंच. मग बेट नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती पाच कोस खाली येड्या बाभळीच्या जाळीत सापडली. बोकड दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी एक शिंग मोडून तांड्यावर आला होता.

कुणी उत्तमरावांना बोल लावला नाही. उलट हॉटेलात त्यांची बाजू घेतली गेली. "आबाच्या बाटलीत चारच व्हते. वरून आलं, त्याला ते काय करतील?" पंचनाम्याला आलेल्या माणसानंही मान डोलावली; वाकदरीला एकशे शहात्तर पडल्याचं त्यानंच सांगितलं. पाणी अचानक आलं, असं कागदावर लिहिलं गेलं. उत्तमराव ते ऐकत होते. फोन वाजला होता हे गावात तीनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक गेली, दुसरी मंजुळाबाई, आणि त्या या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या बाईनं त्यांना एक वाक्य विनाटोमण्याचं ऐकवलं नव्हतं, ती गप्प बसली. हे घरात राहण्यासारखं नव्हतं.

आठला दोन कमी असताना अंगणात कुणी उतरेना. बाटली भरली, उतू गेली. एका दुपारी उत्तमराव कुऱ्हाड घेऊन कडुलिंबाखाली उभे राहिले.

"झाडाचा काय गुन्हा?" मंजुळाबाई ओसरीतून म्हणाल्या. त्या तेरा दिवसांत त्या एवढंच बोलल्या. उत्तमरावांनी कुऱ्हाड ठेवली.

चौदाव्या दिवशी सकाळी आठ वाजता फाटकाशी नेमसिंग उभा होता. मुंडासं सैल, दाढी वाढलेली. मोजायला कुणी नसताना डब्याकडे बघत होता.

"मेव्हणे."

उत्तमराव ओसरीतून उठले, पण खाली उतरले नाहीत.

"पुजा शेळ्या घेऊन नदीवर गेली," नेमसिंग म्हणाला. पुजा त्याची नात. "काठावर उभी हाये. म्या म्हनलं, थांब, इचारून येतो. वरून काय आलं आज?"

"मला म्हाईत न्हाई, दाजी."

"काहून? फोन आला न्हाई?"

इथं उत्तमरावांना साधं 'न्हाई' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. आज फोन आलाच नव्हता. पावसाळा संपत आला होता, आणि गावानं त्यांना केव्हाच माफ केलेलं होतं, गुन्हा न विचारता. ते पायऱ्या उतरले. डोक्यावर टोपी नव्हती.

"त्या दिशी आला व्हता फोन," ते म्हणाले. "तीनदा आला. हितं, ओसरीत वाजला. वर एकशे शहात्तर पडला व्हता. त्यो सांगत व्हता. म्या उचलला न्हाई."

नेमसिंगनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"रुसलो व्हतो. म्हनलं, चौथ्यांदा वाजू दे."

फाटकाबाहेरून एक सायकल गेली. नेमसिंग खाली बसला, मातीतच, काठी आडवी ठेवून. हाताचं एक बोट तो जमिनीवर फिरवत होता.

"तिनं आयकला? फोन?"

"व्हय. म्हनली, घे ना भाऊ."

"मग?"

"मग म्या ने म्हनलो बेटावर."

"आन् ती?"

"हासली."

"हासली?"

"लई हासली, दाजी. मला आन् बोकडाला."

नेमसिंगचं तोंड हललं. तो हसायला गेला की काय, असं क्षणभर वाटलं, कारण बेबीबाई कशी हसायची हे त्या अंगणात तिघांनाही माहीत होतं. पण आवाज निघाला तो निराळा होता. मंजुळाबाई ओसरीत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

नेमसिंग काठीवर जोर देऊन उठला.

"लाव," तो म्हणाला.

"काय?"

"फोन लाव. पोरगी काठावर उभी हाये माजी."

उत्तमरावांनी फोन घेतला. मंजुळाबाईंपुढं धरला. त्यांनी लावून दिला. पहिलीच घंटी पुरी झाली नाही.

"उत्तमराव?" पलीकडचा आवाज म्हातारा झाला होता. "काहून नाई उचलला बावा तू? पाण्यात उभा राहून लावून राहिलो होतो मी. मंग टॉवरच गेला, तो आत्ता कुठं चालू झाला. कोणाचं काही... तिकडं कोणाचं काही झालं का?"

फोनमध्ये वारा ऐकू येत राहिला. नेमसिंग समोर उभा होता, वाट बघत.

"आज किती?" शेवटी उत्तमरावांनी विचारलं.

पलीकडून उत्तर आलं. "एक्क्याऐंशी."

"शेळ्या परत फिरव, दाजी," उत्तमराव म्हणाले. "दुपारच्या आत येती नदी."

नेमसिंग वळला. फाटकातून बाहेर पडून नदीच्या वाटेला लागला, म्हाताऱ्या पायांनी जितकं भराभर चालता येतं तितकं. आणि नदी आली, साडेअकराच्या सुमाराला. बेट बुडालं. काठावर कुणी नव्हतं.

त्यानंतर पाऊस महिनाभर होता. उत्तमराव रोज आठला अंगणात उतरत. डबा त्यांनी झाडापासून लांब, फाटकाजवळ हलवला. आकडा ते आता मोठ्यानं जाहीर करत नाहीत. कॅलेंडरात त्या गुरुवारच्या चौकटीत वर चार लिहिलेलं आहे. खाली, मंजुळाबाईंच्या जागेत, न विचारता त्यांनी एकशे शहात्तर लिहिलं. मंजुळाबाईंनी ते पाहिलं, आणि त्या महिन्यातली गॅसच्या टाकीची तारीख दाराच्या मागं खडूनं लिहिली.

आठ दहाला फोन येतो. पहिल्या घंटीला उचलला जातो. त्याच सुमाराला नेमसिंग फाटकाशी येतो. पूर्वी तो आत येऊन ओसरीत टेकायचा, चहाला नाही म्हणायचा आणि दोन कप प्यायचा. आता बाहेरच उभा राहतो. मंजुळाबाई कप घेऊन जातात, तो मान हलवतो.

"वरून?" तो विचारतो.

"नऊ," उत्तमराव सांगतात. "न्हाई येत आज."

नेमसिंग मान हलवून निघतो. त्याला अजून दाजी म्हणूनच हाक मारतात उत्तमराव. तो वळून बघतो, थांबतोसुद्धा. पण मेव्हणे म्हणत नाही. उत्तमराव फाटकाला धरून, तो नदीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभे राहतात. हाताला राखीचा दोरा आहे, रंग गेलेला.